देवनागरी अक्षरांची टिकाऊ स्टेन्सिल: स्क्रोल सॉवर कापायची कशी

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गावाचं नाव, वावराच्या फाटकावर गट नंबर, विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीवर आडनाव, दादर ज्वारीच्या नाहीतर मिरचीच्या पोत्यांवर मार्का. खान्देशात वर्षभर कुठे ना कुठे रंगाने अक्षरं टाकायची असतातच. एकदाच टाकायची असतील तर गावातला पेंटर हाताने जे लिहून देईल त्याला तोड नाही. पण तेच नाव पोत्यामागून पोत्यावर मारायचं असेल, दरवर्षी मारायचं असेल, तर स्टेन्सिल लागते. पुठ्ठ्याची स्टेन्सिल थोड्याच वेळात रंग पिऊन फुगते, तिच्या कडा मऊ पडतात आणि ‘व’च्या पोटातला तुकडा गळून जातो. हार्डबोर्ड, जाड प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक पातं वर-खाली चालवणाऱ्या करवतीच्या मशीनवर, कापलेली स्टेन्सिल मात्र नीट ठेवली तर वर्षानुवर्षं चालते.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो. मशीन चालवणं हा यातला सोपा भाग आहे. स्टेन्सिल किती टिकणार हे मशीन सुरू करण्याआधी, कागदावर, पेन्सिलीने ठरतं. इंग्रजी अक्षरं एकेकटी उभी असतात. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात, आणि ती शिरोरेषा जशीच्या तशी कापली तर बोर्डात आडवी लांबच लांब फट पडते. म्हणून इंग्रजी अक्षरांसाठी सांगितलेले नियम आपल्याला अर्धेच उपयोगी पडतात. उरलेले आपले आपण बसवावे लागतात.

आधी अक्षरांची पोटं बघा

स्टेन्सिलमध्ये अक्षराची रेघ म्हणजे भोक, आणि बाकी सगळा बोर्ड. ज्या अक्षराला बंद पोट आहे, त्याच्या पोटाचा तुकडा कापल्याबरोबर सुटून खाली पडतो. व, ब, क, ख, ठ, ढ यांची गोल पोटं चटकन दिसतात. प, ष, म, य, घ, ण ही अक्षरं फसवतात, कारण त्यांचं पोट वरून शिरोरेषेने बंद होतं. शिरोरेषा नसेल तर ‘प’ उघडा आहे. ती आली की तो बंद झाला. दीर्घ वेलांटीची कमान शिरोरेषेला टेकते तिथेही एक पोट तयार होतं. आकड्यांमध्ये ०, १, ४, ९ तपासून घ्या.

आणि ‘ळ’! जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव, पारोळा, तळोदा: आपल्याकडे ‘ळ’ टाळून काम होत नाही, आणि त्या एका अक्षरात दोन बंद पोटं असतात. त्यामुळे ‘ळ’ नीट जमला की खान्देशातली निम्मी कामं जमली असं समजा.

पोटाचा तुकडा धरून ठेवण्यासाठी रेघेत मध्येच थोडा बोर्ड न कापता ठेवायचा. त्याला मी इथे जोड म्हणतो. ‘ळ’साठी डाव्या पोटाचा जोड डाव्या अंगाला आणि उजव्याचा उजव्या अंगाला, दोन्ही एकाच उंचीवर ठेवावेत. असे समोरासमोर आलेले जोड अक्षराच्या वळणाचाच भाग वाटतात. एक वर आणि एक खाली ठेवला तर अक्षर मोडल्यासारखं दिसतं. अक्षर १५ सेंटिमीटरहून उंच असेल तर प्रत्येक पोटाला समोरासमोर दोन जोड द्या, कारण एकाच जोडावर लोंबणारा मोठा तुकडा ब्रशबरोबर उचलला जातो.

पोटांइतकंच लक्ष जिभांकडे द्यायला हवं. ‘ग’च्या दोन दांड्यांमधला बोर्ड, ‘ग’ आणि त्याचा काना यांच्यामधला बोर्ड, या लांब अरुंद पट्ट्या फक्त खालून जोडलेल्या राहतात. त्या गळून पडत नाहीत, म्हणून आराखडा करताना त्यांचा विचार होत नाही. पण रंग मारताना त्यांचं वरचं टोक उचलतं, रंग खाली घुसतो, आणि काही दिवसांत पट्टी मुळातून तडकते. यावर उपाय सोपा आहे: प्रत्येक जिभेच्या डोक्यावर शिरोरेषा तोडायची, म्हणजे तिथे तिचा थोडा भाग न कापता जोड म्हणून ठेवायचा. जीभ वरूनही धरली जाते आणि लांब फट लहान तुकड्यांत वाटली जाते. एका जोडात दोन कामं होतात.

‘जळगाव’ घेऊ. पोटांसाठी जोड तीन: ‘ळ’चे दोन आणि ‘व’चा एक. शिरोरेषा पाच ठिकाणी तोडायची: ज आणि ळ यांच्या मध्ये, ळ आणि ग यांच्या मध्ये, ‘ग’च्या पोकळीवर, ग आणि काना यांच्या मध्ये, काना आणि व यांच्या मध्ये. एकूण आठ जोड. ‘रावेर’मध्ये बंद पोट एकच, ‘व’चं, पण शिरोरेषा तीन अक्षरसंधींवर तोडावीच लागते. ‘वे’च्या मात्रेकडेही बघा. मात्रा आणि शिरोरेषा यांच्या कोपऱ्यात बोर्डाचं निमुळतं टोक उरतं आणि ते सर्वांत आधी तुटतं. मात्रा शिरोरेषेपासून जोडाइतक्या अंतराने वर उचलून ठेवली की हा प्रश्न मिटतो. वेलांटीची कमानही शिरोरेषेला टेकू देऊ नका.

जोडाची रुंदी बोर्डाच्या जाडीच्या दुपटीपेक्षा कमी नसावी. ३ मिमी हार्डबोर्डात १० सेंटिमीटर उंच अक्षर असेल तर रेघ साधारण १४ मिमी जाड आणि जोड ६ ते ७ मिमी ठेवा. १ मिमी ॲल्युमिनियमला ४ मिमी पुरतो. ५ सेंटिमीटरपेक्षा लहान अक्षरं हार्डबोर्डात करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. जोड रेघेइतकेच रुंद दिसायला लागतात आणि अक्षर वाचता येत नाही. लहान अक्षरांना पत्राच हवा.

भिंतीवर मोठी अक्षरं टाकायची असतील तर आणखी एक चांगला मार्ग आहे. स्टेन्सिलमध्ये शिरोरेषा कापायचीच नाही. खालची अक्षरं स्टेन्सिलने मारायची, आणि रंग वाळल्यावर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावून त्यांच्या मधून शिरोरेषा एका हातात ओढायची. शिरोरेषा अखंड दिसते आणि स्टेन्सिल जास्त मजबूत राहते. शाळेच्या भिंतीसाठी हीच पद्धत घ्या. पोत्यांवर एवढं करत बसू नये, तिथे तुटक शिरोरेषा शोभते.

बोर्ड कोणता

पहिल्या स्टेन्सिलसाठी ३ मिमी हार्डबोर्ड घ्या. स्वस्त आहे, लाकडासारख्या तंतूंच्या रेषा नसल्यामुळे कोणत्याही दिशेने सारखा कापला जातो, कडा नीट निघतात. प्लाय चालतो, पण अरुंद जोड वरच्या थरांच्या रेषांना आडवे आले तर तडकतात, म्हणून जास्तीत जास्त जोड रेषांच्या दिशेने येतील असा आराखडा फिरवून लावा. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) मात्र घेऊ नका. त्याच्या कापलेल्या कडा ओल शोषून फुगतात.

फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा सनबोर्ड, म्हणजे पीव्हीसी फोमशीट, करवतीला फार मऊ जातो आणि नवशिक्याला हुरूप देतो. हंगामापुरती स्टेन्सिल हवी असेल तर तो उत्तम. रोजच्या वापरात मात्र त्याच्या कडा दबतात. ॲक्रिलिक दिसायला देखणं, पण पडलं की फुटतं आणि कापताना वितळून पात्याच्या मागे पुन्हा चिकटतं. कापलेली रेघ जागेवरच बंद झालेली दिसते.

रोजच्या कामाला माझी निवड दोनच: १ मिमी ॲल्युमिनियम किंवा २ ते ३ मिमीची एचडीपीई शीट (क्रेट, ड्रम बनवतात ते चिवट प्लास्टिक). एचडीपीईला रंग घट्ट धरत नाही. आपल्याकडच्या केळीच्या प्लास्टिक क्रेटवर ऑइल पेंटने नाव टाकलं तर ते पोपडे निघून जातं, त्याचं कारणही हेच आहे. क्रेटवर जी अडचण, तीच स्टेन्सिलला फायद्याची: वाळलेला रंग शीट वाकवली की आपोआप सुटतो. जुन्या निळ्या ड्रमचं प्लास्टिकही एचडीपीईच असतं, पण त्यात आधी औषध किंवा रसायन भरलेलं असेल तर त्याचा भुसा अंगावर घेऊ नका.

साफसफाई कशाने करणार हेही बोर्ड निवडतानाच ठरवा. एनसी थिनर (लॅकर रंगाचा तीव्र थिनर) सनबोर्ड, पीव्हीसी आणि ॲक्रिलिक यांना खातो. पृष्ठभाग चिकट होतो किंवा त्यावर केसासारख्या भेगा पडतात. त्यांना फक्त टर्पेंटाइन. ॲल्युमिनियम आणि एचडीपीईला थिनर चालतो.

हल्ली लेझरने कापून मिळतं, मग एवढी मेहनत कशाला, असं कोणी विचारेल. ॲक्रिलिक असेल तर जरूर लेझरवर द्या. पण लेझरवर पीव्हीसी जळून हायड्रोजन क्लोराइडचा वायू सुटतो. तो फुप्फुसांना आणि मशीनला दोन्हींना वाईट, म्हणून जाणते लेझरवाले पीव्हीसी घेतच नाहीत. शिवाय एखादा जोड चुकीच्या जागी वाटला तर घरच्या मशीनवर तासाभरात दुसरी स्टेन्सिल तयार होते.

पाती आणि भोकं

स्क्रोल सॉची पाती साधारण ५ इंच लांब असतात आणि दोन प्रकारची मिळतात, टोकाला आडवी पिन असलेली आणि बिनपिनची. अक्षरं कापायला बिनपिनचीच हवीत. पिन आत जाण्यासाठी मोठं भोक पाडावं लागतं आणि मात्रा, अनुस्वार अशा ठिकाणी तेवढी जागाच नसते. मशीन विकत घेताना हीच गोष्ट सर्वांत आधी विचारा. त्यानंतर वेग कमी-जास्त करता येतो का ते पाहा, प्लास्टिकसाठी ते फार लागतं. १६ इंची मशीन म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंत १६ इंच जागा. बोर्ड सगळीकडे फिरवता आला पाहिजे, म्हणून लांब नाव दोन तुकड्यांत करा आणि दोन्हींवर जुळणीच्या खुणा कापून ठेवा.

हार्डबोर्ड आणि प्लायला ५ नंबरचं, दात विरळ असलेलं पातं. बारीक वळणांना ३ नंबर. ॲल्युमिनियमला धातूचं बारीक दाताचं पातं, म्हणजे सोनार करवतीला लावतात त्या जातीचं. त्याला मधून मधून मेणबत्तीचं मेण लावा, नाहीतर दातांत ॲल्युमिनियम भरून पातं घसरतं. एचडीपीई आणि पीव्हीसीला विरळ दातांचं जाड पातं आणि कमी वेग, मिनिटाला ५०० ते ७०० फेऱ्या. हार्डबोर्डला हजाराच्या पुढे गेलं तरी चालतं. कापताना पीव्हीसीचा उग्र वास यायला लागला तर तिथेच थांबा. साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने तो वायू अडत नाही.

दात खालच्या बाजूला तोंड करून बसवा. पातं इतकं ताणा की बोटाने छेडल्यावर स्वच्छ टणत्कार आला पाहिजे. ढिलं पातं वळणावर मागे झुकतं आणि कड तिरकी होते.

कागदावरचा आराखडा बोर्डावर थेट चिकटवू नका. आधी मास्किंग टेपचा थर, त्यावर ग्लू स्टिकने कागद, आणि प्लास्टिक असेल तर सगळ्यावर पारदर्शक पॅकिंग टेप. या टेपमुळे पातं कमी तापतं आणि शेवटी कागद टेपसकट एका ओढीत निघतो. अक्षरांच्या चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर मोकळी जागा ठेवा. ब्रश बाहेर गेला तर रंग पोत्यावर लागायला नको.

दोन-तीन सारख्या स्टेन्सिल हव्या असतील तर बोर्ड एकावर एक ठेवून कोपऱ्यांत डबल टेपने जोडा आणि एकदमच कापा. पातळ ॲल्युमिनियम तर एकटा कधीच कापू नये. खाली-वर ३ मिमी प्लाय ठेवून मध्ये पत्रा, असं कापलं की पत्रा थरथरत नाही आणि वाकतही नाही.

शिरोरेषेवरचे आणि पोटांचे जोड यांनी अक्षर जितक्या तुकड्यांत वाटलं गेलं, तितकी भोकं पाडायची. ड्रिल २ मिमीचं, भोक नेहमी रेघेच्या आत, म्हणजे गळून पडणाऱ्या भागात, आणि खाली रद्दी फळी. जोडाच्या मुळाशी जिथे कोपरा येतो तिथेही एक बारीक भोक पाडून ठेवा. टोकदार कोपऱ्यातून तडा सुरू होतो, गोल कोपऱ्यात तो अडतो. या भोकांना अर्धा तास जास्त लागतो आणि स्टेन्सिलचं आयुष्य त्याच्या कितीतरी पट वाढतं.

कापणं

मशीन बंद करून पातं वरून सोडवा, भोकातून ओवा, पुन्हा ताणा, मगच सुरू करा. प्रत्येक भोकाला हेच करायचं आहे. कंटाळा येतो, पण चालू मशीनजवळ बोट न्यायचं नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, आणि गळ्यातला रुमाल किंवा ओढणी काढून बाजूला. हार्डबोर्डाची धूळ फार बारीक असते, शक्यतो ओसरीवर किंवा पंख्याकडे पाठ करून बसा.

आधी अनुस्वार, मात्रा, पोटाभोवतीची छोटी वळणं. मग मोठ्या दांड्या. शिरोरेषेचे तुकडे सर्वांत शेवटी. बोर्डाचा कणखरपणा शेवटपर्यंत टिकवायचा तर हाच क्रम. बोर्ड ढकलू नका, पात्याला खाऊ द्या. नवीन पातं किंचित एका बाजूला ओढतं, बहुतेक उजवीकडे, कारण पातं तयार होताना एका बाजूला बारीक धार उरलेली असते. रेघ सरळ यावी म्हणून बोर्ड थोडा तिरका धरून पुढे न्यावा लागतो. दोन-चार रेघा रद्दी तुकड्यावर मारल्या की हात बसतो.

‘ळ’चं पोट कापताना थांबू नका. वळणात थांबलं की कडेला खाच पडते. टोकदार कोपऱ्यात मात्र थोडं मागे येऊन दुसऱ्या दिशेने पुन्हा कोपऱ्यापर्यंत जा.

हात बसल्यावर एक सुधारणा जरूर करा. मशीनचं टेबल ३ ते ५ अंश तिरकं करून कापलं तर भोकाची कड उतरती होते: ब्रशकडे रुंद, पोत्याकडे अरुंद. जाड बोर्डाच्या उभ्या कडेला रंग साचतो आणि खाली ओघळतो, तो त्रास यात कमी होतो. पण मग प्रत्येक भोक एकाच दिशेने फिरून कापलं पाहिजे. एक डावीकडून आणि एक उजवीकडून फिरलात तर उतार उलटा पडेल. कोणती दिशा बरोबर येते ते आधी रद्दी तुकड्यावर तपासा आणि तसा बाण आराखड्यावर काढून ठेवा.

कडा मजबूत करणं

कागद काढल्यावर खालच्या बाजूची कूस, म्हणजे कापताना उठलेले बारीक कण, पॉलिश पेपरने घासून टाका. जोडांच्या कडा बारीक गोल कानशीने हलक्या हाताने गुळगुळीत करा. ॲल्युमिनियमच्या कडा बोट कापतात, तिथे घाई नको.

हार्डबोर्ड आणि प्लायला व्हार्निश किंवा पॉलियुरेथेनचे दोन हात, दोन्ही बाजूंनी आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या कडेलाही. कड हीच पाणी आणि रंग पिते, वरचा पृष्ठभाग नव्हे. एकाच बाजूला लावलं तर बोर्ड पन्हाळीसारखा वाकतो. दोन हातांमध्ये एक रात्र जाऊ द्या.

वरच्या बाजूला लाकडी पट्टी स्क्रूने बसवून मूठ करा. डाव्या-उजव्या कडेच्या मध्यावर खाच कापा. पोत्यावर किंवा फाटकावर खडूची रेघ मारून खाचा तिच्यावर जुळवल्या की नाव वाकडं जात नाही.

रंग मारताना

ब्रश आखूड, ताठ केसांचा घ्या, नाहीतर फोमचा तुकडा. रंगात बुडवून आधी रद्दी कागदावर जवळजवळ कोरडा करा आणि मग उभा ठोकत मारा. ओढत मारलात तर रंग जिभेखाली जाणारच. पातळ दोन हात, जाड एक हात कधीही नको. स्प्रे कॅन असेल तर अगदी समोरून, सरळ धरून मारा. तिरका मारला तर ३ मिमी जाडीची सावली पडून अक्षराची एक कड फिकी येते.

तागाच्या पोत्याच्या आत फळी सरकवा, ठोकायला आधार मिळतो. तागाची वीण रंग भरपूर पिते, तिथे रंग थोडा दाट ठेवा. विणलेल्या प्लास्टिकच्या कट्ट्यांवर ऑइल पेंट टिकत नाही. त्यांना नाव टाकायचंच असेल तर प्लास्टिकवर चालणारा प्रायमर आधी मारा. लोखंडी ट्रॉलीला गंज घासून रेड ऑक्साइड प्रायमर, तो पूर्ण वाळल्यावर स्टेन्सिल.

आपल्या उन्हाळ्याचा हिशेब धरावाच लागतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी पत्रा तापलेला असतो, रंग ब्रशवरच घट्ट होतो आणि अक्षर खडबडीत येतं. सकाळी ऊन चढायच्या आत काम उरकून घ्या. पीव्हीसी किंवा सनबोर्डची स्टेन्सिल पत्र्याच्या छपराखाली उभी टेकवून ठेवली तर ती त्या उष्णतेने वाकते. आडवी, सपाट, वर वजन ठेवून ठेवा.

काम संपल्यावर रंग ओला असतानाच फडक्याने पुसा. हार्डबोर्डाला टर्पेंटाइन लावलेलं फडकं फिरवा, त्यात भिजत घालू नका. जोडांवर साचलेला रंग दर वेळी काढा, नाहीतर अक्षराची रेघ हळूहळू बारीक होत जाते.

एवढं करूनही कधीतरी एखादा जोड तुटतोच. स्टेन्सिल फेकू नका. तुटलेला तुकडा जागेवर बसवून वरच्या बाजूने, म्हणजे ब्रशच्या बाजूने, ॲल्युमिनियमची पातळ पट्टी इपॉक्सी गोंदाने चिकटवा. पट्टी जोडाइतकीच रुंद आणि दोन्हीकडे किमान १५ मिमी पुढे गेलेली असू द्या. खालच्या बाजूने लावली तर स्टेन्सिल पोत्यावर सपाट बसणार नाही आणि आजूबाजूला रंग पसरेल. इपॉक्सी २४ तास वाळू द्या आणि त्यावर पुन्हा व्हार्निशचा हात मारा.